आप्पांच्या शेतातला खुंट

अगं, काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा दुकानात माणसं उभी होती. एका आजोबांचा फेरफाराचा अर्ज टाइप करत होते, मागं दोघं झेरॉक्ससाठी थांबलेले. म्हणून "बघू, सांगते" एवढंच बोलून ठेवला. पण तुझा आवाज काही कानातून गेला नाही. "ताई, स्टेशन नक्की कुठं होणार गं? तू तहसीलच्या दारात बसतेस, तुला कळत असेल." आणि त्याच्या मागोमाग हळूच, लहानपणी डब्यातला लाडू घेतल्याचं कबूल करायचीस तशी, "यांनी शनिवारी टोकन द्यायचं ठरवलंय."

तर ऐक. फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय. जावईबापूंना वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांच्यावर रागावून लिहीत नाही. पोरीच्या शिक्षणासाठी, तुमच्या म्हातारपणासाठी माणूस धडपडतोय, हे मला दिसतं.

पठारावरची एकरभर विकायची, त्यात पतसंस्थेचं कर्ज घालायचं आणि नगर-पुणे रस्त्यापासून आत तीन गुंठे घ्यायचे, कारण "तिथं स्टेशन येतंय". एजंटानं मोबाइलवर नकाशा दाखवला म्हणालीस, त्यावर लाल रेघ आणि रेघेवर गोल. गोल म्हणजे स्टेशन. बाई गं, असे नकाशे माझ्या दुकानात रंगीत प्रिंट काढायला येतात. तीन वेगळ्या माणसांनी आणलेल्या तीन नकाशांवर तो गोल तीन वेगळ्या गावांत पाहिलाय मी. रेघ तीच, गोल मात्र ज्याच्या-त्याच्या प्लॉटजवळ.

आधी जे खरं घडलंय तेवढं एका जागी मांडते, म्हणजे आपल्या दोघींच्या डोक्यात गोंधळ नको.

पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा महारेलनं आखलेला पहिला मार्ग साधारण २३५ किलोमीटरचा होता. हडपसर, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडायची, बोट्याला आपल्या जिल्ह्यात शिरायचं, मग जांबूत, साकूर, अंभोरे, संगमनेर, अकोल्यातलं देवठाण आणि तिथून सिन्नरकडं. ताशी २०० किलोमीटरचा वेग, १६ हजार कोटींचा खर्च. ती यादी पेपरात आली त्या सकाळी तू मला फोन केला होतास, आठवतंय? "ताई, साकूरला स्टेशन!" तुला धाप लागली होती बोलताना. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या पठारावर वेगवान गाडी थांबणार, तुझी पोर सकाळी निघून पुण्याच्या कॉलेजात जाऊन संध्याकाळी घरी येणार. मलाही भरून आलं होतं त्या दिवशी, खोटं कशाला सांगू. संगमनेरएवढी मोठी बाजारपेठ, टोमॅटो, कांदा, दूध, साखर एवढं सगळं पिकवणारा तालुका, आणि आजपर्यंत त्याच्या नशिबी एक रूळ नाही.

मग मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले, कुठं कुठं थेट खरेदीची बोलणी सुरू झाली. आणि खोडदच्या दुर्बिणीचा मुद्दा आला.

नारायणगावजवळ खोडदला ती रेडिओ दुर्बीण आहे ना, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. काही एका जागी गोळा केलेल्या, बाकीच्या तीन हातांसारख्या वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञांनी ती उभी केली. आकाशातून येणाऱ्या फार क्षीण रेडिओ लहरी ती ऐकते. विजेवरची गाडी धावताना वरच्या तारेशी ठिणग्या उडतात, विजेचा गोंगाट होतो, आणि त्यात ते ऐकणं बुडून जातं. म्हणून रेल्वेनं तो मार्ग नाकारला. तुमच्याकडं त्या तबकड्यांवर सगळे चिडलेत, मला माहीत आहे. मला मात्र त्यांचा राग येत नाही. गोंगाट कमी म्हणून ती जागा शोधून काढली होती आणि जगभरातले लोक तिथं काम करायला येतात. माझी तक्रार वेगळी आहे. ती दुर्बीण नव्वदच्या दशकापासून तिथं उभी आहे, पुणे-नाशिक हायवेवरून जाताना दिसते. मग शेतकऱ्याच्या बांधावर खुंट ठोकायच्या आधी हा प्रश्न सोडवायला नको होता? पठारावरच्या माणसानं आधी आनंद करायचा, मग वाट बघायची, मग पेपरात वाचायचं की मार्ग बदलला.

२०२५ संपता संपता रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत नवा मार्ग सांगितला. नाशिकहून शिर्डी. शिर्डी ते पुणतांबा हा १७ किलोमीटरचा फाटा दुहेरी करायचा, त्याला २४० कोटींच्या आसपास मंजुरी. पुणतांब्याहून निंबळकवरून नगर, म्हणजे आपला जुना दौंड-मनमाड मार्गच, त्याचं दुहेरीकरण. आणि नगरहून चाकणकडं पुण्याला १३३ किलोमीटरचा नवा दुहेरी मार्ग. संगमनेर, अकोले, सिन्नर, जुन्नरची माणसं मूळ मार्गासाठी रस्त्यावर उतरली. त्यांनी उतरावं, जावईबापूंनीही जावं. त्या मागणीत लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण बघ, ज्या मार्गावर स्टेशनांची नावं छापून आली होती, दगड रोवले गेले होते, तो उठून दुसऱ्या तालुक्यांत गेला. आणि जिथं अजून दगडही नाही, तिथल्या एका गोलावर तुम्ही एकरभर रान लावायला निघालात. शनिवारपर्यंत.

तुला आप्पांच्या शेतातला खुंट आठवतो का? तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची असशील. परळीच्या रेल्वेचा.

नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, १९९५च्या सुमारास मंजूर झाली. आजी पलीकडच्या आष्टी-बीडला शेवटपर्यंत "मोगलाई" म्हणायची. निजामाची हद्द जाऊन पन्नास वर्षं होत आली होती, तरी तिच्या लेखी नाला ओलांडला की मोगलाई. "मोगलाईत रेल्वे जाणार" म्हणून ती हरखली होती, कारण तिची धाकटी बहीण तिकडं दिली होती आणि भेट व्हायची ती वर्षा-दोन वर्षांतून. मोजणीवाले आले, त्यांना आईनं पिठलं-भाकरी वाढली. विहिरीसाठी पाणाड्यानं नारळ फिरवून जी जागा दाखवली होती, लिंबाच्या झाडापासून दहा पावलांवर, तिथंच त्यांनी खुंट ठोकला. फूटभर उंचीचा, तांबडा रंग दिलेला. आप्पांनी त्याला शेळी बांधू दिली नाही कधी. "सरकारी आहे," म्हणायचे.

आणि विहीर राहिली. सुरुंगवाल्याशी बोलणं झालं होतं, पैशाची जुळवाजुळव झाली होती. पण आप्पा म्हणाले, रेल्वे जाणार तिथं विहीर पाडून पैसे मातीत कशाला घालायचे? भरपाई आली की पलीकडच्या तुकड्यात मोठी पाडू. त्यात गैर काय होतं? कुणाही शहाण्या माणसानं असाच विचार केला असता. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. दर बजेटला आप्पा रेडिओ लावून बसायचे, परळीच्या रेल्वेला किती कोटी मिळाले ते ऐकायला. मंजुरीच्या वेळचा साडेतीनशे कोटींचा अंदाज पुढं चार हजार कोटींच्या पलीकडं गेला, यावरून समज किती रखडली ते. मग २००३चा दुष्काळ आला. दोनशे मोसंबीची झाडं होती आपली, अगदी धरायला आलेली. तू आणि मी टँकरचं पाणी कळशीनं झाडाला एक तांब्या, एक तांब्या घालत फिरायचो. तू मोजायचीस मोठ्यानं. एक दिवस तू मोजायची थांबलीस आणि मला म्हणालीस, "ताई, ह्याला नको, हे मेलंय." वैशाखात सगळी बाग तोडली. सरपणाच्या भावानं गेली.

रेल्वे आली तेव्हा त्या खुंटावरून गेलीच नाही. मधल्या काळात आखणी पुन्हा झाली असेल, वळण थोडं सरकलं असेल. मार्ग गेला तो लिंबापासून दोनशे पावलं लांबून, बांधाकडेची अकरा गुंठ्यांची पट्टी घेऊन. म्हणजे विहिरीची जागा आजही तशीच्या तशी आपल्या रानात आहे. आप्पा तोवर गेले होते.

२३ सप्टेंबर २०२२ला नगर ते आष्टी गाडी सुरू झाली. पुढच्याच महिन्यात मी आईला घेऊन बसले. डब्यात मोजकी माणसं. नारायणडोहाच्या आसपास आपलं रान आलं तेव्हा आई खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. लिंब दिसला. तिनं हात जोडले, मग पदरानं तोंड पुसलं आणि बसली. एक शब्द बोलली नाही. स्टेशनचं नाव "नवीन आष्टी". उतरल्यावर आष्टी गाव कुठं दिसेना. गावात जायला रिक्षा शोधावी लागली, आणि येताना आई म्हणाली, "एसटीनंच जाऊ बाई, ती दारात सोडते." पुढं १७ सप्टेंबर २०२५ला गाडी बीडला पोचली. मला त्या गाडीचा आनंदच आहे. बीडच्या पोरी आता नगरला शिकायला येतील, ऊसतोडीच्या बाया ट्रकच्या टपावर पोरं घेऊन यायच्या त्यातल्या काही तरी डब्यात बसून येतील. आजीला तिची बहीण महिन्याला भेटली असती. रेल्वे वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण मंजुरीपासून बीडला गाडी पोचेपर्यंत तीस वर्षं गेली, आणि त्यातली आठ-दहा आपल्या बापानं विहिरीविना घालवली, एका खुंटाकडं बघत.

म्हणून तुमचं डाळिंब लावायचं राहिलं हे काल तू ओघात बोललीस ना, तिथं माझ्या पोटात गोळा आला. "मोजणी झालीये, आता कशाला लावायचं" म्हणून दोन वर्षं खड्डे पाडून ठेवलेत. अगं, लाव ती झाडं! या पावसाळ्यात लाव. उद्या मार्ग पुन्हा तुमच्याकडं आलाच तर झाडांची, विहिरीची, पाइपलाइनची किंमत वेगळी धरतात. उघड्या रानाला ती कुठून मिळणार?

आता स्टेशन गावापासून लांब का पडतं, तेही सांगते, कारण जावईबापू म्हणतील की मोठ्या गावाजवळच स्टेशन येणार, यात काय विचार करायचा. माझ्याकडं रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पेन्शनचे कागद घेऊन येतात. त्यांना मी विचारलं. म्हणाले, गाडी चढ चढते, पण चढावर उभी राहू शकत नाही. स्टेशनच्या आवारात बाराशे फुटांना एक फूट एवढाच उतार चांगला मानतात, फार झालं तर चारशेला एक. त्याहून जास्त असला तर उभे डबे आपोआप घरंगळायची भीती. आणि अशी जवळजवळ सपाट, सरळ जागा किलोमीटरभर तरी लागते, कारण एक गाडी बाजूला थांबवून दुसरी पुढं काढायची असते. शिवाय ओढा नको, मोठा भराव नको, जमीन सलग मिळायला हवी. अशी जागा गावाच्या वेशीत सापडली तर गावाचं नशीब, नाही तर दोन-चार कोस पुढंमागं. शेवटच्या मोजणीत उतार दोन बोटं इकडंतिकडं निघाला तरी स्टेशन पुढच्या शिवारात जातं. एजंटाच्या गोलाला यातलं काही ठाऊक नसतं.

आपल्याच जिल्ह्यात बघ. दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालचा. त्यावर बेलापूर नावाचं स्टेशन झालं, पण बेलापूर गाव राहिलं प्रवरेच्या काठाला, कोस-दोन कोस लांब. स्टेशनभोवती मोकळ्या रानात वस्ती वाढली, बाजार भरायला लागला, साखर कारखानदारी आली, आणि त्याचं आजचं श्रीरामपूर झालं. तेव्हा बेलापुरात कुणी "आता आपल्या गावाला भाव येणार" म्हणून घर बांधलं असेल, तर भाव आला तो दुसरीकडंच. आणि त्याच बेलापूरहून शेवगावकडं जाणारा मार्ग इंग्रजांच्या काळात आखला होता. त्यासाठी जमिनीही घेतल्या होत्या. नेवाशाकडची माणसं अजून त्याची मागणी करतात. चार पिढ्या झाल्या.

(दुकानात परवा कुणी इंदूर-मनमाडचंही काढलं. तो ३०९ किलोमीटरचा मार्ग केंद्रानं २०२४च्या सप्टेंबरात मंजूर केलाय, मध्य प्रदेशातून मनमाडला येणारा. तो झाला की तिकडच्या गाड्या नगरवरून पुण्याला जातील, म्हणून आत्ताच निंबळकला जागा घ्या, असं एक जण दुसऱ्याला सांगत होता. काय बोलावं!)

आता त्या तीन गुंठ्यांचं. तू म्हणालीस, "नोटरी करून देणार आहेत, सातबाऱ्यावर नंतर नाव लागेल." इथं मात्र मी तुला हात जोडून सांगते. नोटरीच्या कागदानं जमीन कुणाची होत नाही. नोटरी एवढंच सांगते की सही या माणसानं माझ्यासमोर केली. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं खरेदीखत लागतं, मग तलाठ्याकडं फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव. शेतजमिनीचे दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, म्हणूनच तर ही मंडळी नोटरीची वाट धरतात. बिगरशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन दाखवा म्हणावं. माझ्या काउंटरवर एक बाई यायची, नवरा वारलेला, पाच वर्षांपूर्वी असाच नोटरीवर दोन गुंठे घेतलेले. तिच्या आधी तोच तुकडा आणखी एकाला दिला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून करून त्या स्टँपपेपरच्या घड्या फाटल्या होत्या. मी झेरॉक्स काढायला घेतला तर तो मधोमध दोन तुकडे होऊन हातात आला. ती म्हणाली, "ताई, चिकटवून द्या, एवढंच आहे माझ्याकडं." त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत, पण तिच्या उपयोगाचं त्याहून जास्त काही करताही आलं नाही.

रेल्वेला खरोखर जमीन हवी असते तेव्हा ती कुजबुजत येत नाही. राजपत्रात अधिसूचना निघते, तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक मराठी. गट नंबरासकट. छापल्यापासून तीस दिवस हरकत घ्यायला मिळतात. पुढची घोषणा वर्षाच्या आत झाली नाही तर ती पहिली अधिसूचना रद्द होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. आणि तुमच्या पठारावर चालली होती तशी थेट खरेदी असेल तर राज्याच्या धोरणाप्रमाणं भरपाईवर पंचवीस टक्के जादा मिळतात. भरपाईचा दर धरताना आसपासची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं बघतात. म्हणून तुमच्याकडं कुणी खरेदीखतात किंमत कमी दाखवायला सांगितली तर नाही म्हणा. आज मुद्रांकाचे चार पैसे वाचतात आणि उद्या सगळ्या गावाचा दर पडतो.

अजून एक गोष्ट आहे. ती मी तुला इतकी वर्षं सांगितली नाही.

त्या अकरा गुंठ्यांची भरपाई आली तेव्हा दादानं आपल्या दोघींच्या हक्कसोडावर सह्या घेतल्या. तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तू रजिस्टर ऑफिसात हिरव्या साडीत आली होतीस आणि सही करून बाहेर येऊन उसाचा रस प्यालीस. मी मोठी. मी तो कागद वाचायला हवा होता. वाचला नाही. मला वाटलं पट्टीपुरता आहे. तो सगळ्या गटाचा होता, गं. लिंबासकट. मला ते दहा वर्षांनी कळलं, मी दुकान टाकल्यावर, दुसऱ्या कुणाचा तसाच कागद टाइप करताना. दादाच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही, त्यालाही कुणीतरी लिहून दिलेला तयार मसुदा होता, आणि आईला तोच सांभाळतो. मी त्याच्याशी भांडणार नाही, तूही भांडू नको. पण तुझी सही माझ्यामुळं झाली. ताईनं केली म्हणून तू केलीस. हे मला बोलायचं होतं.

त्यामुळं सासरच्या जमिनीत तरी तुझं नाव असावं असं मला मनापासून वाटतं. १९९२पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं गावोगाव हा विषय लावून धरला होता, त्यातून ती आली. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्जाला फार काही लागत नाही, मी टाइप करून आणते. तुझं नाव लागलं की एकर विकायला तुझीही सही लागेल. तुझ्या सह्या आजवर दुसऱ्यांना सोडून देण्यासाठीच झाल्या. ही तुझ्या नावासाठी होऊ दे. जावईबापू ऐकतील. तुझ्या बाळंतपणात हा माणूस संगमनेरच्या दवाखान्याच्या पायरीवर तीन रात्री झोपला होता, मी पाहिलंय. त्याला फक्त असं वाटायला नको की बहिणी-बहिणींनी मिळून त्याच्यावर अविश्वास दाखवला. म्हणून तू आधी डाळिंबाचं काढ. रोपांचं विचार, ठिबकचं विचार, किती झाडं बसतील ते त्यालाच मोजू दे. रानाचं बोलायला लागला की त्याचा चेहरा खुलतो. मग हळूच नावाचं बोल. एजंटाचं नाव तू काढूच नको, ते माझ्यावर सोड.

आणि पोरीचं. पुण्याला जाऊन-येऊन शिकेल या आशेवर तिचा प्रवेश लांबवू नका. बारावीनंतर तिला नगरला माझ्याकडं पाठव. वरची खोली रिकामीच आहे, कॉलेज चालत वीस मिनिटं. तुला वाटेल ताई उपकार करतेय. मला संध्याकाळी दुकान बंद करून रिकाम्या घरात शिरायचा कंटाळा आलाय, एवढंच समज. रेल्वे झाली की ती शनिवारी तुझ्याकडं रेल्वेनं येईल. तोवर एसटी आहे.

आता एवढं कर. उद्या तलाठ्याकडून तुमच्या तिन्ही गटांचे ताजे सातबारा आणि आठ-अ काढून ठेव. मोबाइलवरचे नको, डिजिटल सहीचे. इतर हक्काच्या रकान्यात भूसंपादनाची काही नोंद आहे का ते बघ. विहीर आणि बोअर उताऱ्यावर लागलीये का तेही बघ, नसेल तर ते काम आधी. सासऱ्यांच्या वेळचा वाटणीचा कागद ट्रंकेत असेल तो वर काढ. एजंटाला शनिवारी बोलावलंय ना? येऊ दे. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते, दहापर्यंत पोचेन. त्याच्या मोबाइलवरचा नकाशा मला बघायचाय, आणि त्या गोलाचा गट नंबर विचारायचाय. जेवायला पिठलंच कर, दुसरं काही नको. येताना भगव्या डाळिंबाची चार रोपं आणते, रोपवाटिकेतली. लिंबाची एक फांदीही आणली असती, पण तो आता दादाचा.